हाक आली तरी थांबायचं नाही

युसूफ मणियाराच्या पायांत काही खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर हिंगोलीकरांनी बरेच दिवस त्याच्या पायांवर फोडलं, आणि त्या पायांनी बिचाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? खांद्यावर बांगड्यांचं ओझं टाकून तो सकाळी घरातून निघायचा आणि चार गावं करून दिवस मावळायच्या आत परत यायचा. काचेचं ओझं वाहणाऱ्याची चालच वेगळी. पाय भरभर पडतात, पण वरचं अंग हलत नाही. मोकळ्या अंगानं पळाला तर घोडेस्वाराला मागं टाकील, असं लोक म्हणत. लोकांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी पोरगं पळायचं झकास.

खोट होती ती कानांत. म्हणजे कान फार चांगले होते, तीच खोट. मणियाराचा धंदाच हाकेचा. "ओ मणियारभाऊ" अशी हाक कुठल्याही दारातून आली की थांबायचं, ओझं उतरवायचं, मांडी घालून बसायचं. रिकाम्या हातांच्या बाईची हाक ओलांडून जाऊ नये, ओलांडली तर ओझ्यातल्या बांगड्या आपोआप वाढतात, असं युसूफला त्याच्या बापानं शिकवलेलं. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, एवढं तुम्हाला माहीत असेलच. तर युसूफ थांबायचा. आणि बायकांपाशीच थांबला असता तर धंदा तरी झाला असता! कुणाची गाडी चिखलात रुतली, युसूफ थांबला. कुणाची म्हातारी औषध मागते, युसूफ थांबला. बाप वारल्यावर आई खतीजाबी घराघरांत जाऊन बांगड्या भरायची आणि संध्याकाळी चुलीपुढं बसून म्हणायची, "माझं लेकरू सोन्याचं हाये, पन सगळं गाव त्याला घासून राहिलं."

या सोन्याच्या लेकराचा जीव जडला होता खुर्शीदवर. खुर्शीद जलालुद्दीन जमादाराची पोरगी. जमादार कचेरीतला जुना माणूस, छातीवर पितळी बिल्ला, तो रोज चिंचेनं घासून चकचकीत केलेला. खतीजाबीनं पोराचा विषय काढला तेव्हा जमादारानं तिला पानसुपारी दिली, खुशाली विचारली आणि मग म्हणाला, "भाभी, पोरगं लाखात एक. पन कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई त्याला. असल्या मानसाची बायको सगळ्या गावाच्या भाकरी थापते. मी पोरगी बिल्लेवाल्याला देनार. काचेचं काय, आज हाये, उद्या वाढली."

युसूफला वाटलं, खुर्शीद तरी आपल्या बाजूनं बोलेल. मशिदीमागच्या आडावर ती पाण्याला यायची तेव्हा दोन शब्द व्हायचे. त्यानं तिला विचारलं. खुर्शीद कळशी कमरेवर घेत म्हणाली, "अब्बांचं काय चुकलं? परवा मी इथं तुझी वाट बघत हुबी, अन् तू कुंभाराच्या गाढवाचा काटा काढत बसला होता."

"गाढव लंगडत होतं, खुर्शीद."

"मंग गाढवासंगंच निकाह लाव." असं म्हणून ती चार पावलं गेली आणि फिरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "एकदा तरी कुनाला तरी न्हाई म्हन ना रे," ती म्हणाली.

ते निजाम सरकारच्या जुबिलीचं साल होतं. कचेरीत हैदराबादहून नवे साहेब आलेले, आणि त्यांना इंग्रजी खेळांचं भारी वेड. त्यांनी दवंडी पिटवली, की जुबिलीनिमित्त हिंगोली ते औंढा अशी पळण्याची शर्यत होणार. पहिल्याला जरीचा साफा. त्यातच साहेबांना खास स्वतःच्या तैनातीला एक चपराशी पाहिजे होता, आणि तो या पळणाऱ्यांतूनच निवडणार होते. दवंडी ऐकली आणि जलालुद्दीन जमादार स्वतः चालत युसूफच्या दारी आला. "पयला ये, बिल्ला घे, पोरगी ने," म्हणाला. "आता यापेक्षा बराबर सौदा मी देऊ शकत न्हाई."

युसूफच्या शेजारच्या गल्लीत विष्णुपंत राहायचे. वकिलाकडे कारकून. हे गृहस्थ घरापासून कोर्टापर्यंत जाताना दोनदा पारावर बसायचे, पण बोलायचे मनाच्या निग्रहावर. दर पाडव्याला तपकीर सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘नुसती वासापुरती’ म्हणून पुन्हा धरायचे. शर्यतीची बातमी कळताच ते युसूफच्या ओसरीवर येऊन बसले. "अरे, पाय सगळ्यांनाच असतात. बैलाला तर चार असतात," ते म्हणाले. "पळतं ते मन. मी तुझं मन तयार करतो." आणि चिमूट नाकात कोंबून इतक्या जोरात शिंकले की खतीजाबीची शेळी दावं तोडून निघाली.

पहिली चाचणी कयाधू नदीपर्यंत जाऊन परत यायची. विष्णुपंत वेशीवर घड्याळ घेऊन उभे राहिले. सकाळ गेली, ऊन तापलं, तपकिरीची डबी संपली, तरी युसूफचा पत्ता नाही. आला तो दुपार कलल्यावर, पोटभर जेवून.

आता आपल्याकडचा रिवाज तुम्ही ध्यानात घ्या. आपल्या मुलखात माणूस उगाच पळत नाही. पळणारा माणूस दिसला की कुठंतरी कोणी मेलंय, नाहीतर कुणाला पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, नाहीतर कुणाच्या गंजीला आग लागलीय. म्हणून वाटेवरचा प्रत्येक माणूस युसूफला अडवायचा. "काहून पळून राहिला बाप्पा? कोन गेलं?" आणि युसूफ थांबून सांगायचा, की कोणी गेलं नाही, साहेबांची शर्यत आहे, औंढ्यापर्यंत पळायचंय, हो, नुसतंच पळायचंय, नाही, तिथं जाऊन काहीच आणायचं नाही. एका वस्तीवर तर त्याला लांबून पळत येताना बघून एका बाईनं गळा काढला होता, तिचा नवरा दवाखान्यात होता म्हणून. तिची समजूत घातल्याशिवाय कसं निघणार? समजूत पटल्यावर ती जेवल्याशिवाय सोडीना.

विष्णुपंतांनी सगळं ऐकलं आणि रोगाचं नाव सांगितलं. "पाय उत्तम. दम उत्तम. मन म्हणजे मळलेली कणीक. जो येईल तो अंगठा दाबून जातो."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. विष्णुपंतांनी आपल्या बायकोला, कालिंदीबाईंना, ओट्यावर उभं केलं. युसूफनं गल्लीच्या तोंडापासून पळत यायचं, त्यांनी हाक मारायची आणि युसूफनं थांबायचं नाही. एवढीच गोष्ट. कालिंदीबाईंनी मनगट पुढं केलं आणि म्हणाल्या, "युसूफभाऊ, हात उघडा पडलाय हो!" झालं. युसूफ थांबला, खांद्यावरचं ओझं उतरवायला गेला, ओझं नाही हे बघून गोंधळला, तरी मांडी घालून बसलाच. विष्णुपंतांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, ती हाक खोटी होती!"

"पन पंत, बाईंचा हात खरंच उघडा हाये. बघा तुमी."

विष्णुपंतांनी बघितलं, तर खरंच बायकोच्या हातात दोनच बांगड्या उरलेल्या. कालिंदीबाई नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "बरं झालं, कुणाच्या तरी ध्यानात आलं." तो दिवस बांगड्या भरण्यात गेला.

पण माणसाला सवय कशाचीही होते, वाईटाची जरा लवकर. विष्णुपंतांनी युक्ती सांगितली की हाक आली की मनात म्हणायचं, ही हाक माझी न्हाई. पहिल्यांदा युसूफला हे वाक्य जिभेवर कडू लागलं. कालिंदीबाईंच्या दारावरून तो न थांबता गेला त्या दिवशी पुढच्या वळणावर जाऊन तो रडला. पण गेला खरा. मग विष्णुपंतांनी औंढ्याच्या वाटेवरच्या बायकांना निरोप धाडले. बायांना काय, आयतीच करमणूक! एकीनं हाक दिली, की घरात पुरणपोळी आहे. दुसरीनं दिली, की सून बाळंतीण होऊन आलीय, बाळाला काळ्या बांगड्या पाहिजेत. तिसरीनं तर पदर डोळ्यांना लावून असा हुंदका दिला की शेजारचं कुत्रं केकाटलं. युसूफ मान खाली घालून पळत राहिला. जो आजवर गाढवाला थांबायचा, तो आता माणसाला थांबेना.

सगळ्यांत अवघड परीक्षा हरिचंद बहुरूप्याची. हरिचंद दरसाल या दिवसांत हिंगोलीत यायचा, माळावर पाल ठोकायचा आणि रोज नवं सोंग घेऊन बाजारात फिरायचा. विष्णुपंतांनी त्याला साहेबाचं सोंग घ्यायला लावलं. खाकी टोपी, बूट, हातात छडी, ओठांवर चिकटवलेली मिशी. तो वाटेत आडवा उभा राहिला आणि गरजला, "अरे ओ! ठहरो! इधर आओ!" युसूफ जागच्या जागी थिजला, वाकून सलाम केला आणि न विचारता बापाचं, आज्याचं नाव सांगून मोकळा झाला. हरिचंदला इतकं हसू आलं की मिशी तोंडात गेली.

"हाच खरा शत्रू," विष्णुपंत म्हणाले. "बाईच्या हाकेला माणूस प्रेमानं थांबतो, साहेबाच्या हाकेला भीतीनं. भीती आधी मारायची. शर्यतीच्या दिवशी दुसरी माणसंसुद्धा असलं काहीतरी उभं करतील. कुणी का आडवा येईना, टोपी दिसली की समज, हरिचंद."

मग रोज हरिचंद, रोज टोपी, रोज गर्जना. आठवडा गेला नसेल, युसूफ त्याच्या अंगावरून हसत जायला लागला. "सोंग झकास जमलं हं!" असं वर ऐकवायचा. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायला लागलं होतं. जन्मभर ज्यांच्यापुढं वाकला, त्यांच्या टोपीला ओळख न देता निघून जायचं, यात काय मजा असते ते वाकणाऱ्यालाच कळतं.

पण एकदा बहिरेपण शिकलं की ते जोड्यासारखं दारात काढून ठेवता येत नाही. वाटेवरच्या एका गावात जमनाबाई नावाची विधवा होती, युसूफच्या बापाच्या काळापासूनची. तिची लेक सासरी निघाली होती, गाडी जुंपलेली, आणि लेकीच्या हातात जुन्या चारच बांगड्या. युसूफ ओझं घेऊन धंद्यालाच निघाला होता त्या दिवशी, पळतसुद्धा नव्हता. जमनाबाईनं हाक मारली. त्यानं ऐकली. आणि पाय पुढंच पडले. ‘ही हाक माझी न्हाई’ हे त्याच्या मनानं त्याला न विचारताच म्हटलं होतं. दोन शेतं ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात आलं. परत गेला तेव्हा गाडी निघून गेली होती, आणि जमनाबाईनं दार लावून घेतलं.

खतीजाबीच्या कानांवर हे दुसऱ्याच दिवशी आलं. ती जेवायला वाढता वाढता थांबली. "तुझ्या बापानं कधी न्हाई केलं हे," म्हणाली. "त्या पंताला सांग, माझं मऊच पोरगं मला वापस दे."

"अम्मी, बिल्ला मिळू दे," युसूफ म्हणाला. "मंग मी सगळ्यांसाठी थांबतो." असं म्हणणारा तो काही पहिला माणूस नव्हता. आधी खुर्ची मिळू दे, मग गावाचं बघतो, म्हणणारे आपण काय कमी बघितले?

शर्यतीच्या दिवशी कचेरीपुढं ही गर्दी. पळणाऱ्यांत तालमीतले दोन पहिलवान होते, एक फौजेतला जवान होता, खेड्यापाड्यांतली पोरं होती आणि शिरड शहापूरचा चाँद पाशा होता. हा चाँद पाशा म्हणजे काडीसारखा, हसतमुख पोरगा. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम, कुणी पाण्याचं भांडं मागितलं तर उठून देणार. युसूफला त्याची कीव आली. आपणच की हे, त्याच्या मनात आलं, तालमीच्या आधीचे. साहेब मोटारीतून पुढं औंढ्याला निघाले, शेजारी जलालुद्दीन जमादार. लांबून खाकी टोपी तेवढी युसूफला दिसली. विष्णुपंत आदल्याच दिवशी बैलगाडीनं औंढ्याला जाऊन बसले होते.

झेंडा पडला आणि लोंढा सुटला. पहिलवान गाव सुटायच्या आतच बसले. जवान कयाधू ओलांडून उलटी करायला वाकला, तो सरळ झालाच नाही. पुढं राहिले युसूफ आणि चाँद पाशा. वाटेवरच्या बायका दारात उभ्या होत्याच. त्यांना तालीम संपल्याचं कोणी कळवलं नव्हतं, की कळूनही गंमत सोडवत नव्हती, अल्ला जाणे. "मणियारभाऊ, थांबा की!" युसूफ नाही थांबला. एका म्हातारीनं तांब्या पुढं केला. युसूफ गेला, चाँद पाशा थांबला, पाणी प्याला, म्हातारीचा आशीर्वाद घेतला आणि तांब्या तिच्या हातात नीट देऊनच निघाला. युसूफनं मागं वळून बघितलं, तर वळणाआड कोणी दिसेना. त्याच्या छातीत आनंदाचा कढ आला. त्याला समोर औंढा दिसत नव्हता, खुर्शीदचं दार दिसत होतं.

औंढ्याच्या अलीकडं एक नाला आहे. तिथं रेती खोल. युसूफ उतारावर आला तर नाल्यात एक मोटार चाकांपर्यंत रुतलेली. मोटारीखालून कुणाचे तरी दोन पाय बाहेर आलेले, आणि बाजूला उन्हात, खाकी टोपी, बूट, छडी आणि मिशी. युसूफला बघताच छडी वर झाली.

"अरे ओ! ठहरो! इधर आओ, ज़रा हाथ लगाओ!"

युसूफला हसूच फुटलं. साहेब तर केव्हाच औंढ्याला पोचले असणार. वा रे पंत! शेवटपर्यंत सोडलं नाही. अन् हा हरिचंदसुद्धा काय कलावंत माणूस! मोटारीसकट! चिखल कसा उडवून घेतलाय, तोंड कसं लाल केलंय, घाम कसा आणलाय! पाय जराही न थांबवता युसूफ त्याच्या बाजूनं गेला आणि जाता जाता ओरडला, "शाब्बास हरिचंद! मिशी आज बराबर चिकटली! मोटार कुनाची उचलून आनली बे?"

मागून "रुक! अबे रुक!" असे तीन-चार आवाज आले. प्रत्येक आवाजाला युसूफच्या अंगात नवी ताकद आली.

औंढ्याच्या वेशीवर ढोल वाजत होते. युसूफ दोरीला छाती लावून पुढं गेला, पार बाजारापर्यंत गेला, तेव्हा कुठं लोकांनी त्याला धरून आणला. विष्णुपंतांनी मिठी मारली, तपकिरीच्या डागांचं उपरणं त्याच्या गळ्यात घातलं आणि जमलेल्यांना मनाविषयी सांगायला लागले. लोकांनी युसूफला खांद्यावर घेतलं. आणि त्या उंचीवरून त्याला गर्दीत मारुती दिसला. शेपटीसकट, गुळाचा खडा चोखत. मारुतीनं ओळखीचं हसून हात केला.

"हरिचंद?" युसूफनं विचारलं. "तू इथं कवा आला?"

"म्या कालपासून इथंच हाव की."

"मंग नाल्यात कोन हुतं?"

"मला काय म्हाईत? साहेबाचं सोंग मी आज घेतो व्हय? खुद्द साहेब येनार म्हनल्यावर? मला काय जेलात जायचंय?"

युसूफ खांद्यावरून खाली उतरला आणि नाल्याच्या वाटेकडं तोंड करून बसला. इतक्या मैलांत बसला नव्हता तो.

मोटार आली ती फार वेळानं. जमादार जवळच्या वस्तीतून बैल आणायला गेला होता, पण बैल यायच्या आत चाँद पाशानं आणि ड्रायव्हरनं मिळून चाकं मोकळी केली होती. चाँद पाशा गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला, मोटारीच्या पायरीवर उभा. शर्यतीच्या हिशेबानं बघाल तर तो आलाच नव्हता. त्याला आणला होता.

साहेब खाली उतरले. युसूफला वाटलं, आता छडी. पण साहेब मोठे न्यायी निघाले. त्यांनी स्वतःच्या हातांनी युसूफच्या डोक्यावर जरीचा साफा बांधला, पाठ थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दौड़ तुम जीते. तुम्हारे जैसा मज़बूत आदमी नहीं देखा. तीन बार बुलाया, पलक तक नहीं हिली. मगर मुझे चपरासी चाहिए. चपरासी वो, जो आवाज़ पर आए." आणि पितळी बिल्ला त्यांनी चाँद पाशाच्या चिखलानं भरलेल्या छातीवर लावला.

बरं, खोटं काय बोलले साहेब? चपराश्याचं काम काय पळायचं असतं? हाकेला हजर व्हायचं असतं. जे युसूफला आईच्या पोटातून येत होतं, ते त्यानं जिवाचं रान करून घालवलं, आणि कशासाठी, तर ज्या नोकरीत तेवढंच लागतं तिच्यासाठी! विष्णुपंत काहीतरी बोलायला पुढं झाले, पण ऐन वेळी शिंक आली, आणि शिंक आवरेपर्यंत साहेब मंडपात गेले होते.

जलालुद्दीन जमादार वाईट माणूस नव्हता. गर्दी पांगल्यावर तो युसूफपाशी आला. साफ्याचा सुटलेला पदर त्यानं नीट खोचला. "आयुष्यात पहिल्यांदा न्हाई म्हनला तू," तो म्हणाला, "अन् नेमकं कुनाला म्हनला रे, लेकरा." मग बिल्लेवाल्याचं घर कुठं, माणसं कोण, हे विचारायला चाँद पाशाकडं गेला. शब्दाचा पक्का होता तो. बिल्ला म्हटलं होतं, बिल्लाच.

बकरी ईद झाली आणि निकाह ठरला.

आता निकाह म्हणजे चुडा आला, आणि चुडा म्हणजे मणियाराचं घर. जमादाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या याच घरच्या बांगड्या. निरोप आला तो खतीजाबीनं घेतला, नाही कशी म्हणणार? मणियाराला लग्नघराचा निरोप टाळता येत नाही, मग घरात काहीही जळत असो. ओझ्यातला सगळ्यांत चांगला हिरवा चुडा काढून ती गेली. खुर्शीदला समोर बसवलं, सगळ्या बायका भोवती बसल्या. खतीजाबीनं पोरीचा हात हातात घेतला आणि तिचे हात कापायला लागले. ज्या हातात आपल्या घरचा चुडा भरायचा म्हणून तिनं मनात कधीचा रंग ठरवून ठेवला होता, तोच हात होता तो. पहिली बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यावर आली आणि वाढली. दुसरीसुद्धा वाढली, आणि खुर्शीदच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. नवरीच्या हातावर दोन बांगड्या वाढणं म्हणजे मोठा अपशकुन, खुर्शीदची आई फातिमाबी तोंडाला पदर लावून उठून गेली.

खतीजाबीनं बांगड्या खाली ठेवल्या. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली. "युसूफला बोलवा."

युसूफ आला. आला म्हणजे एकाच निरोपाला आला. मधे पडदा धरला होता. पडद्याखालून एक हात बाहेर आला. या हातानं कमरेवर कळशी घेतलेली त्यानं कितीदा बघितली होती, पण आजवर त्याला एकदा शिवला नव्हता. त्यानं थोडं तेल लावलं, अंगठा आत दुमडला, बोटं एकत्र दाबली आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. मणियार दर बाईला विचारतो, दुखतंय का? त्यानं विचारलं. पडद्याआडून "न्हाई" असं बारीक आवाजात आलं. युसूफचा हात कापला नाही. उजवा झाला, डावा झाला, हिरवा चुडा मनगटापासून वर गच्च बसला आणि एकही बांगडी वाढली नाही. बायकांनी तोंडात बोटं घातली. असा हात मणियारात नाही, म्हणाल्या. बाहेर ओसरीवर विष्णुपंत पाहुण्यांत बसले होते. आतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी सांगत नव्हतो? मन! सगळी तालीम मनाची!"

चुडा भरून झाल्यावर नवरीनं मणियाराला सलाम करायचा आणि भाईजान म्हणायचं, असा रिवाज आहे. एकदा म्हटलं की तो तिचा जन्माचा भाऊ. बायका खुर्शीदला म्हणाल्या, "सलाम कर गं." ती बोलेना. पुन्हा म्हणाल्या. युसूफ उकिडवा बसून वाट बघत राहिला. घाई त्याला नव्हती, पण पडदा धरणाऱ्या बायकांचे हात अवघडले होते.

"सलाम, भाईजान," खुर्शीद म्हणाली.

युसूफनं रिवाजाप्रमाणं तिच्या हातावर हिशेबावरची एक जास्तीची बांगडी ठेवली, "चुडा भरलेला राहू दे, बहन," असं म्हणाला आणि ओझं उचलून मागच्या दारानं बाहेर पडला.